फळ्यांखालचा बर्फ

व्हर्ना कांगसने सकाळी नऊ वाजता स्टेडियमचं मागचं, माल आत घ्यायचं मोठं दार उघडलं, तेव्हा तिच्या मनात काही पाप नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर हॅलोवे गावात जो तो उठला आणि तिच्या नावाने बोटं मोडू लागला. पण त्या घटकेला ती फक्त एक आई होती आणि आनंदाने तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

एरवी हीच बाई त्या दाराची राखणदार. विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये मैदान घालायचं-काढायचं काम करणाऱ्या टोळीची ती मुकादम, एक ना दोन, एकोणीस वर्षं. शुक्रवारी तिथे बर्फावरची हॉकी आणि शनिवारी त्याच जागी बास्केटबॉल. दर वेळी बर्फ वितळवत कोण बसणार? तो तसाच राहतो. त्याच्यावर जाड फळ्यांचं पांघरूण टाकायचं आणि त्यावर बास्केटबॉलचं लाकडी कोर्ट, एकात एक तुकडे अडकवून. वर सात हजार माणसं बोंबलत असतात, खाली बर्फ गपगार पडलेला असतो, कुणाला पत्ताही नसतो. पथ्य एकच. बाहेरची हवा उबदार आणि दमट असली की मोठं दार उघडायचं नाही. ओली हवा आत शिरली की गार लाकडावर बसते आणि थंड पाण्याच्या ग्लासाला बाहेरून घाम फुटावा तसा सगळ्या कोर्टाला घाम फुटतो. मग त्यावर धावणं म्हणजे साबणावर धावणं.

हे पथ्य व्हर्नानेच लाल अक्षरांत लिहून दारावर चिकटवलं होतं. हात लावणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची ती.

आणि त्या शनिवारी हवा कशी होती? दीड महिना मिशिगनमध्ये थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठत होती. फेब्रुवारी संपता संपता एका रात्रीत वारा फिरला, रस्त्याकडेचे बर्फाचे ढीग पाघळले, आणि सकाळी गावभर असं धुकं की स्टेडियमवरचा लाकूडतोड्याचा पुतळा कमरेपासून वर दिसेना. म्हणजे नेमकी तीच हवा.

पण दिवस निरोपाच्या सामन्याचा होता. शेवटच्या वर्षाची मुलं घरच्या कोर्टावर शेवटचं खेळतात तो दिवस. त्या दिवशी मुलगा आईबापांना घेऊन कोर्टाच्या मधोमध चालत येतो, आईच्या हातात फुलं देतात, आणि कोच शेवटच्या वर्षाच्या सगळ्या मुलांना सुरुवातीच्या पाचांत उतरवतो. चार वर्षं बाकावर बसून ज्याचं बूड झिजलंय त्यालासुद्धा.

व्हर्नाचा आर्विड तसाच. त्याला संघात कुणी बोलावलं नव्हतं, तोच जाऊन दार ठोठावून घुसला होता. रोज सरावाला पहिला हजर, रोज दुसऱ्यांच्या कोपरांचा मार खायला पुढे. चार वर्षांत तो सामन्यात खेळला किती? अकरा मिनिटं. गुण शून्य. संघ तीस गुणांनी पुढे गेला की विद्यार्थ्यांचा घोळका "आर्-विड! आर्-विड!" असा गजर लावायचा, अर्धा प्रेमाने आणि अर्धा थट्टेने. व्हर्ना खेळाडू कोर्टावर येतात त्या बोगद्याच्या तोंडाशी पुसणी घेऊन उभी असायची. तिला त्या गजराने रडूही यायचं आणि ओरडणाऱ्यांच्या एकेक कानाखाली वाजवावीशीही वाटायची. मुलाचा बाप रेनो, मुलगा कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला असताना, हृदयविकाराने गेला. मुलाला एकदाही सुरुवातीच्या पाचांत न बघता गेला.

तर आज आर्विड सुरुवातीला उतरणार होता. आज नाही तर कधीच नाही. दोन्ही संघ स्पर्धेतून केव्हाच बाद झालेले, पुढे सामना नाही, सोमवारपासून स्टेडियम हॉकीचं. हा खेळ हुकला तर तो पुन्हा घ्यायला कुणी रिकामटेकडं नव्हतं.

म्हणून उत्तरेकडून, तांब्याच्या खाणींच्या मुलखातून, पाच तासांचा रस्ता तुडवत एकतीस नातेवाईक शाळेची जुनी बस घेऊन आले. पुढचे दरवाजे साडेअकराला उघडतात. बस मागच्या बाजूला येऊन थांबली. बसमध्ये सासरे होते, ऊर्हो, वय सत्त्याऐंशी, चाकाच्या खुर्चीत, नाकात ऑक्सिजनची नळी. खाणीने त्यांची फुप्फुसं खाल्ली होती आणि डॉक्टरांनी पुढचा हिवाळा कबूल केला नव्हता.

नणंद आइली दारावर थापा मारत ओरडली, "अगं ए व्हर्ना! म्हाताऱ्याला धुक्यात किती वेळ ठेवतेस? खोकून खोकून इथेच आटपेल!"

बाजूचं लहान दार होतं, पण खुर्ची त्यातून जाईना. व्हर्नाने कळ दाबली. मोठं दार खडखडत वर गेलं.

एका खुर्चीपुरतं, असं तिने ठरवलं होतं. पण मागून सगळं लटांबर आत. मिठ्या, पापे, मांस-बटाटा भरलेल्या, करंजीसारख्या गरम पेस्ट्यांचे डबे, आर्विडचा चेहरा छापलेली, दाराएवढी मोठी पुठ्ठ्याची तोंडं काठीला लावलेली. आइली म्हणाली, "बघ, नाक जरा मोठं झालंय, पण आमच्या घराण्यात ते असतंच." म्हाताऱ्याने कोर्ट बघायचा हट्ट धरला. व्हर्नाने खुर्ची कडेपर्यंत नेली. तो वाकला, लाकडावर हात फिरवला आणि म्हणाला, "हे तू घातलंस?"

"मीच घातलं, पप्पा."

"आणि ह्यावर आपला पोरगा खेळणार."

"ह्यावरच."

ती त्याच्या शेजारी उकिडवी बसली आणि रेनोच्या गोष्टी निघाल्या. दार कुणाच्या लक्षात? पन्नास मिनिटं ते आ वासून उघडं होतं.

बर्फाचा कारागीर गॉर्डी दहाच्या सुमाराला यंत्राच्या खोलीतून धावत आला आणि स्वतःच दार पाडलं. "कोण तो गाढवाचा? कुणी उघडं टाकलं हे?"

 व्हर्नाच्या तोंडातून निघून गेलं, "टीव्हीवाले असतील. त्यांच्या तारा आत घ्यायच्या होत्या."

"त्यांना उलटं टांगायला हवं," गॉर्डी म्हणाला. त्याने कोर्टावर तळहात ठेवला आणि तो वर करून तिला दाखवला. हात ओला होता.

पुढचे दोन तास व्हर्नाने ढोरमेहनत केली. बारा माणसं, सहा मोठे पंखे, हवा सुकवायची दोन यंत्रं आणि न्हाणीघरांतून उचलून आणलेले तीनशे टॉवेल. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे रांगेत गुडघ्यांवर. पुसलं की कोरडं, मागे वळून बघावं तर पुन्हा बारीक दव धरलेलं. ओरडून तिचा घसा बसला. निरोपासाठी आणलेला निळा पोशाख कपाटात तसाच लटकत राहिला.

साडेअकराला दरवाजे उघडले आणि संकट दुप्पट झालं. लोक आत आले की आपली ओली जाकिटं, ओले बूट, आणि मुख्य म्हणजे आपला श्वास घेऊन येतात. सात हजार श्वास! दुसऱ्या कुठल्याही दिवशी ती त्या गर्दीवर जीव टाकायची. बँडचे पितळी कर्णे, गाईच्या गळ्यातल्या घंटा खळाखळा वाजवणाऱ्या म्हाताऱ्या, अंगाला हिरवा रंग फासलेली उघडी पोरं, पाहुण्या संघाची नावं पुकारताना मुद्दाम वर्तमानपत्र उघडून जांभया देणारा विद्यार्थ्यांचा कोपरा. आज तिला वाटलं, कशाला आलात मेल्यांनो, श्वास तरी थांबवा.

पाहुणा संघ लेकशोर कॉलेजचा. सरावाला त्यांची पोरं उतरली आणि उत्तरेकडच्या बास्केटखाली एकाचा पाय सटकला. तो हसत उठला. रेफ्री बोल्डिन हसला नाही. पिकल्या केसांचा, कमी बोलणारा माणूस तो. त्याने दोन्ही संघांना कोर्टाबाहेर काढलं आणि विद्यापीठाचे क्रीडाप्रमुख व्हिटकम साहेब यांना बोलावून घेतलं.

"एकपर्यंत सुकलं नाही तर रद्द," तो म्हणाला.

व्हिटकम साहेबांनी व्हर्नाकडे बघितलं. "व्हर्ना, काय ते कर बाई. वर गव्हर्नरचे पाहुणे बसलेत."

तिला पाहुण्यांचं काय पडलं होतं? तिची नजर वर, सोळाव्या रांगेत, जिथे आर्विडची पुठ्ठ्याची तोंडं डुलत होती आणि कडेला चाकाची खुर्ची लावलेली होती. ती पुन्हा गुडघ्यांवर बसली.

पावणेएकला निरोपाचा विधी झाला. कोर्टावर गालिचा अंथरला होता. आर्विड आईला शोधत बोगद्यात आला, तर ती ओल्या विजारीत, केस कपाळाला चिकटलेले, हातात टॉवेल. "आई, अशीच येणार?" त्याला हसू आलं. सहा फूट चार इंचांचं पोर, पण हसला की पाच वर्षांचा दिसायचा. तिने टॉवेल खांद्यावर टाकला आणि त्याचा दंड धरला. ऊर्होची खुर्ची दुसऱ्या बाजूने. निवेदकाने नाव पुकारलं आणि विद्यार्थ्यांचा कोपरा जो उसळला! त्यात आज थट्टा औषधालाही नव्हती. घंटा, कर्णे, सात हजार माणसांचं "आर्-विड! आर्-विड!" म्हातारा रडत होता, हनुवटीवरून ओघळत होतं आणि तो पुसत नव्हता. व्हर्नाच्या हातात फुलं आली. तिला वाटलं, देवा, माझं काय हवं ते घे, पण हे आता काढून घेऊ नकोस.

परत येताना आर्विड तिच्या कानाशी वाकला. "आई, खरं सांग. खेळतील ना? मला त्यांच्या डेशॉन प्रुइटला अडवायचंय. पहिल्याच वर्षाचा आहे, पण वाऱ्यासारखा धावतो. कोर्ट कोरडं आहे ना?"

"होईल," ती म्हणाली.

गालिचा गुंडाळला. एकला पाच कमी. आता तिची तपासणी. ती कशी करायची हे सगळ्या संघांना ठाऊक होतं. यंत्रं काय वाटेल ते आकडे दाखवोत, व्हर्ना कांगस बूट काढणार, पांढरे सुती मोजे घालणार आणि सगळ्या कोर्टावर पाय घासत चालणार. मोजा कोरडा राहिला तर खेळ. गेल्या एकोणीस वर्षांत तिचा शब्द कुणी मोडला नव्हता.

ती दक्षिणेकडून निघाली. कोरडं. मध्यवर्तुळ, कोरडं. तिच्या छातीत आशा धडधडू लागली. मग उत्तरेकडची बास्केट. तिथे, फळ्यांच्या सांध्याजवळ, पाटाएवढ्या जागेत, तिच्या उजव्या अंगठ्याला गारवा लागला. ती थांबली नाही. थांबली असती तर सगळ्यांना दिसलं असतं. तिने पाय तसाच पुढे घासला आणि त्या चार पावलांत मनात हिशोब मांडला. सुरुवातीला उतरलेल्या मुलांना कोच हॅन्लन पहिली शिट्टी वाजली की बाहेर घेतो, दरवर्षी घेतो. फार तर दीड-दोन मिनिटं. तेवढ्यात काय होतंय? आर्विडला चेंडू टाकायचा ती बास्केट दक्षिणेला, कोरड्या बाजूला. शिट्टी वाजली, आर्विड बाहेर आला, की मी स्वतः बोल्डिनकडे जाईन आणि सांगेन, पुन्हा ओलं होतंय, थांबवा. दोन मिनिटं. एका बाईने एकोणीस वर्षं खपून दोन मिनिटं मागितली तर कुणाचं काय जातं?

बोल्डिन कडेला उभा होता. गॉर्डी उभा होता. व्हिटकम साहेब घड्याळ बघत होते.

"बाई, तुमच्या शब्दावर," बोल्डिन म्हणाला. "खेळवू का?"

"कोरडं आहे," व्हर्ना म्हणाली.

गॉर्डीने तिच्या मोज्यांकडे बघितलं. ती तोवर बुटांत पाय घालत होती.

चेंडू उडाला. हॅलोवेत पहिली बास्केट आपल्या संघाने टाकेपर्यंत कुणी खाली बसत नाही, बाप मेला तरी. सात हजार माणसं उभी, टाळ्यांचा एकच ठेका. पहिली फेक हुकली. लेकशोरने चेंडू उत्तरेला नेला आणि व्हर्नाचा श्वास अडकला. पण ते लांबूनच टाकून मोकळे झाले, चेंडू कड्यावर आपटून परत. कुणी पडलं नाही. चेंडू पुन्हा दक्षिणेला. आपली पोरं आज काय करायचं ते ठरवूनच आली होती. प्रत्येकाने स्वतःची फेक सोडली, चेंडू हातोहात फिरला आणि कोपऱ्यात आर्विडकडे आला. तो एकटा. त्याने गुडघे वाकवले. चार वर्षांत त्याने सरावात तो चेंडू किती हजार वेळा टाकला असेल, देव जाणे.

आत. कड्यालासुद्धा न लागता.

सात हजार माणसं एकाच वेळी खाली बसली. असा दणका ह्या इमारतीने ऐकला नव्हता. मग पुन्हा उठून नाचायला लागली. बँडवाले वाजवायचं विसरून किंचाळत होते. वर आइलीने पुठ्ठ्याचं तोंड हवेत भिरकावलं. म्हाताऱ्याने दोन्ही मुठी वर केल्या होत्या आणि नळी नाकातून सुटून लोंबत होती. आर्विड मागे धावताना आईला शोधत होता आणि त्याला ती सापडली. तो हसला. आयुष्यात तिने दुसरं काही मागितलं नसतं.

पण ती हसली नाही. ती शिट्टीची वाट बघत होती. वाज, वाज ना रे. चेंडू रेषेबाहेर जाऊ दे, कुणाचा तरी हात कुणाला लागू दे. बास्केटबॉल हा असला मेला खेळ, की शिट्टी वाजल्याशिवाय कुणाला बाहेर काढता येत नाही. एक मिनिट झालं. दीड. चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे, कुणी चुकेना, कोर्टाबाहेर चेंडू जाईना. हॅन्लनने बदली मुलं कडेला बसवून ठेवली होती. तीही शिट्टीचीच वाट बघत होती. व्हर्ना ओरडू शकली असती. बोगद्यातून चार पावलं आत टाकून "थांबवा!" म्हणायला तिला कुणी अडवलं नव्हतं. पण म्हणजे आर्विडच्या पायाखालून कोर्ट काढून घेणं, सगळ्यांच्या देखत. आता वाजेल, आता वाजेल, असं म्हणत ती उभी राहिली.

दोन मिनिटं चार सेकंदांना डेशॉन प्रुइटने आर्विडला डावीकडे चकवलं आणि उत्तरेच्या बास्केटखाली घुसला. उडी मारायला त्याने डावा पाय रोवला. तो पाय रोवला गेलाच नाही. तो सरळ पुढे सरकत गेला, वरचं शरीर मागे राहिलं, आणि मधे जो गुडघा असतो तो जिकडे वळू नये तिकडे वळला. आवाज बोगद्यापर्यंत आला. त्यानंतर पोराची किंकाळी.

शिट्टी तेव्हा वाजली.

घंटा थांबल्या. इतक्या माणसांची शांतता फार वाईट असते. आर्विड सगळ्यांत आधी त्याच्यापाशी पोचला होता, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि "बघू नकोस, माझ्याकडे बघ" असं म्हणत होता. बोल्डिन वाकला, फळीवर बोट फिरवलं आणि ते बोट उजेडात धरलं. मग त्याने व्हर्नाकडे बघितलं. एकदाच.

स्ट्रेचर आत गेल्यावर निवेदकाने सांगितलं, सामना रद्द. झाला असं धरलं जाणार नाही, कसलीही नोंद राहणार नाही. लोक जाकिटं उचलू लागले. सोळाव्या रांगेतून आइलीचा आवाज सगळीकडे ऐकू आला, "नोंद नाही म्हणजे? मग आमच्या पोराचे दोन गुण? अहो, आमच्या पोराचे दोन?"

व्हर्ना आतल्या बोळात गेली. डॉक्टरांच्या खोलीबाहेर एक उंच, काळी बाई भिंतीला टेकून उभी होती. लेकशोरच्या रंगाचा स्वेटर, छातीवर मुलाचा नंबर. आतून डेशॉन ओरडला की तिचे ओठ हलायचे. ती ओडेसा प्रुइट. आत डॉक्टर गुडघा बसवत होते आणि तिला बाहेर थांबवलं होतं. व्हर्नाला बघून तिने हात पुढे केला. "धर गं मला. माझे पाय ऐकत नाहीयेत."

व्हर्नाने तिला धरलं. दोघी बाकावर बसल्या. ओडेसाने तिचा हात सोडला नाही.

"तू त्या दुसऱ्या मुलाची आई ना? मघाशी फुलं घेतलीस ती?" ओडेसा म्हणाली. "किती जीव लावून धरला त्याने माझ्या पोराला. चांगला वाढवलायस."

 व्हर्नाला वाटलं, गप्प राहावं. टीव्हीवाल्यांचं दार, दमट हवा, सात हजारांचा श्वास. कुणाला काय कळणार आहे? बोल्डिनला संशय आहे, गॉर्डीलाही आहे, पण संशयच. पण ओडेसाचा हात अजून तिच्या हातात होता.

"कोर्ट ओलं होतं," ती म्हणाली.

"ते बघितलं सगळ्यांनी."

"तसं नाही. मला आधी माहीत होतं. मला विचारलं त्यांनी, तेव्हा मी कोरडं आहे म्हणाले. आणि सकाळी ती ओली हवा ज्या दारातून आली, ते दारही मीच उघडं टाकलं."

ओडेसाने लगेच हात काढला नाही. तिला समजायला वेळ लागला. "माहीत होतं?"

"पायाला लागलं होतं. त्याच जागी."

"तुझं पोर खेळावं म्हणून?"

"हो."

आतून डेशॉन पुन्हा ओरडला. मग ओडेसाने हात काढून घेतला, सावकाश, आणि स्वेटरला पुसला.  तिने शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तर व्हर्नाने ती खाल्ली असती आणि बरं वाटलं असतं.

बोळाच्या टोकाला आर्विड उभा होता. अंगावर खेळाचेच कपडे, हातात बर्फाची पिशवी. किती वेळ उभा होता कोण जाणे, पण चेहऱ्यावरून कळत होतं की पुरेसं ऐकलंय.

"आई," तो म्हणाला, "मी तुला विचारलं होतं."

"आर्विड, बाळा, ऐक. मला वाटलं, दोनच मिनिटं."

"मी तुला विचारलं होतं ना?"

ती उठून त्याच्याकडे निघाली. त्याने हात आडवा केला, मारायला नाही, नुसता थांबवायला, आणि तिला वळसा घालून ओडेसापुढे गुडघ्यांवर बसला. बर्फाची पिशवी बाकावर ठेवली. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. माफी मागायची असेल, किंवा हॉस्पिटलात तुमच्याबरोबर येतो असं सांगायचं असेल. 

ओडेसाने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. तिच्या डोळ्यांत राग होता आणि तो कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हतं. शेवटी तिने त्याच्या घामेजल्या डोक्यावर हात ठेवला.

"चांगला टाकलास तू तो चेंडू," ती म्हणाली. "मी पण टाळ्या वाजवल्या होत्या."

आणि मग तो रडायला लागला. त्या परक्या बाईच्या मांडीत तोंड खुपसून, मोठ्याने, खांदे गदगदा हलवत. बापाला पुरलं त्या दिवशीही तो असा रडला नव्हता. ओडेसा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. व्हर्ना पाच पावलांवर उभी होती. पुढे जायची तिला हिंमत झाली नाही.